माणकोलीमार्गे माथेरान

सहदेव आणि रतन यांचं लग्न डिसेंबर शहाऐंशीत रीतसर झालं. कोपरच्या चाळीत खोल्या दोन, माणसं सात. दोन महिन्यांत नवराबायको सलग दहा मिनिटं बोलले नव्हते. फेब्रुवारीत सहदेवला कंपनीतून दोन दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा रतन म्हणाली, "खाडीपलीकडे जाऊ या. होडीने उतरायचं आणि काठाकाठाने गावांतून ठाण्यापर्यंत चालायचं."

"चालत? कशासाठी?"

"बोलायला."

हे कारण घरात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी माथेरान सांगितलं. माथेरानला का जाता, असं कोणी विचारत नाही. सहदेवच्या आईने फक्त रतनचं मंगळसूत्र काढून घेऊन कपाटात ठेवलं. "तिकडची माकडं ओढतात," ती म्हणाली.

मोठागावच्या होडीने दोघं माणकोलीला उतरले. एका बाजूला खाडी, तिवरं, बांधावर वाळत टाकलेली जाळी. दुसऱ्या बाजूला कापणी झालेली शेतं. रतनने नणंदेचा पंजाबी ड्रेस घातलेला. ते पुष्कळ बोलले. सहदेवला कळलं की रतनला पोहता येतं. रतनला कळलं की सहदेवला येत नाही, आणि तो होडीत गप्प का होता तेही कळलं.

तिसऱ्या गावात दुपारी पाणी मागायला ते एका ओसरीवर थांबले. घर जाईबाईंचं. जाईबाई गावची धवलारीण, म्हणजे लग्नात गाणी म्हणून विधी पार पाडणारी बाई. त्यांनी तांब्या दिला, रतनचा मोकळा गळा पाहिला आणि बॅग पाहिली.

"पलून आलाव?"

"नाही हो आजी, लग्न झालंय आमचं," रतन म्हणाली.

"मंगलसूत्र कुठं हाय मंग?"

"सासूबाईंनी कपाटात ठेवलंय. माकडांमुळे."

जाईबाईंनी अंगणात नजर फिरवली. तिथे एक कोंबडी होती. त्यांनी पोलीस पाटलाला बोलावणं धाडलं.

भिवाजी पाटील सावकाश आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोनच रस्ते. आता मानूस धाडून तुमच्या घरी कलवतो, नाय तर देवलात लगीन लावून देतो. पोरीला अशी पुढं जाऊ देनार नाय."

"खुशाल कळवा," असं सहदेव म्हणणारच होता. मग त्याला माथेरान आठवलं. त्याने रतनला बाजूला घेतलं.

"आईला कळलं तर पुन्हा कुठे सोडणार नाही आपल्याला."

"मग लग्न करू या," रतन म्हणाली. "माझी हरकत नाही. तुमची आहे?"

सहदेवने विचार केला. डिसेंबरात हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. सगळं काकांनीच ठरवलं होतं.

"नाही," तो म्हणाला, आणि आपल्याला हे खरंच वाटतंय हे लक्षात येऊन तो जरा चकित झाला.

संध्याकाळी गावदेवीच्या देवळात लग्न लागलं. जाईबाई गात होत्या. मुलीच्या आईचं गाणं आलं तेव्हा त्या थांबल्या, कारण आईच्या जागी कोणी नव्हतं. मग त्या स्वतःच रतनशेजारी बसल्या आणि गाणं पुढे चालू केलं. रतन रडली. डिसेंबरात फोटोवाल्याने दोनदा सांगूनही ती रडली नव्हती.

जाईबाईंनी त्यांना राहायला घर दिलं आणि स्वतः बहिणीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी जाईबाईंना कोपरचा पत्ता देऊन दोघं ठाण्यापर्यंत चालले आणि घरी येऊन, हवा छान होती, असं म्हणाले.

पहिल्या दिवाळीला रतनची आई दिवाळसण घेऊन कोपरला आली. ती चहा घेत असतानाच दारात जाईबाई उभ्या राहिल्या. डोक्यावर टोपलीत सुक्या कोळंबीचे सोडे आणि जावयाला टॉवेल-टोपी.

"मी रतनची आय," त्यांनी सांगितलं.

सहदेवच्या आईने सहदेवकडे पाहिलं. त्याने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. मग रतनची आई कॉटवर सरकली आणि हाताने शेजारची जागा दाखवत जाईबाईंना म्हणाली, "बसा."

सहदेवच्या आईने टोपली उचलली. "हे किती वेळ भिजवायचे?" तिने विचारलं.

जेवायला नऊ माणसं होती. सोडे पुरले.