बोर्डावरचा निळा हत्ती

कल्पना करा, पत्र्याचा एक मोठ्ठा बोर्ड आहे. एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला, तर वरच्याचा हात बोर्डाच्या कडेला जेमतेम पोचेल, एवढा उंच. डोळे मिटा आणि बघा. नको, मिटू नका, मग पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच बघा. बोर्डावर सात रंगांची घसरगुंडी आहे, थेट ढगातून निघून तळ्यात उतरणारी. तळ्यात हंसांच्या होड्या आहेत. आणि मधोमध एक निळा हत्ती सोंडेतून कारंजं उडवतोय. कारंज्यावर इंद्रधनुष्य.

दिसला हत्ती? आता त्या बोर्डासमोर, रंगाच्या उपड्या डब्यावर बसलेली आठ वर्षांची मुलगी बघा. नव्या पार्कचा हा बोर्ड रंगवणारे पेंटर म्हणजे तिचे बाबा. त्यांच्याजवळ बसून बसून तिच्या अंगावर कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचा थेंब असायचा, म्हणून घरात तिचं नाव पडलं ठिपकी.

बाबांचा एक नियम होता. वस्तू समोर ठेवल्याशिवाय ते ती काढत नसत. चपलांच्या दुकानाची पाटी करायची तर आधी एक चप्पल मागून आणत. कुलपांच्या दुकानासाठी कुलूप. एकदा मासळीवाल्यासाठी मोठा मासा आणून दोन दिवस ठेवला होता, तेव्हा आईनं मासा आणि बाबा दोघांनाही घराबाहेर काढलं होतं. हा नियम ठिपकीला चांगलाच माहीत होता. म्हणून तिनं वर्गात सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं, "नवीन पार्क अगदी बोर्डावरच्यासारखंच आहे. माझे बाबा बघितल्याशिवाय काही काढतच नाहीत."

पार्क सुरू झालं तेव्हा मालकानं बाबांना तीन पास दिले. सुट्टीच्या दिवशी आई, बाबा आणि ठिपकी सकाळीच तिथं पोचले. दाराबाहेर बोर्ड ऐटीत उभा होता. ओळखीच्या माणसाला करावा तसा ठिपकीनं त्याला हात केला आणि ती आत धावली.

आणि आत जाऊन थांबली.

तळं होतं, पण गुडघाभर पाण्याचं. त्यात एकच होडी, तीही बदकाची. घसरगुंडी ढगातून वगैरे निघत नव्हती. पहिल्या मजल्यावर जाणाऱ्या जिन्याएवढी होती, आणि तिला रंग दोनच, निळा आणि पिवळा. मधोमध हत्ती होता खरा, पण करड्या सिमेंटचा. सोंडेच्या टोकातून एक रबरी नळी लोंबत होती आणि नळीतून पाणी येत होतं. थेंब. मग जरा वेळानं आणखी एक थेंब.

बाजूनं एक जाडेसे काका तणतणत गेले. "बाहेर काय आणि आत काय! ज्यानं तो बोर्ड रंगवला ना, तो भेटू दे मला. ह्याच सोंडेला लटकवतो त्याला!"

बाबांनी टोपी भुवयांपर्यंत ओढली.

"अहो, टोपीनं कान झाकत नाहीत," आई हळूच म्हणाली. "लालबुंद झालेत, लांबून दिसतायत."

ठिपकी हसली नाही. "बाबा, तुम्ही हे बघून काढलं होतं ना?"

बाबा हत्तीच्या पायाशी बसले. "नाही गं. तेव्हा इथं बघण्यासारखं काही नव्हतंच. चुन्यानं रेघा मारलेलं नुसतं मैदान होतं. मालक हातवारे करून सांगत गेले आणि मी काढत गेलो. इंद्रधनुष्य तर त्यांनी सांगितलंही नव्हतं. ते मीच घातलं. हात थांबेचना."

"मग ते खोटंच झालं."

बाबांनी सगळं मालकावर ढकललं असतं तर ठिपकीला बरं वाटलं असतं. पण ते म्हणाले, "हो, झालं. कुणाला फसवायचं मनात नव्हतं. पण न बघता काढलं आणि बघून काढल्यासारखं मांडलं. चुकलंच माझं."

"आणि मी अख्ख्या वर्गाला सांगून बसलेय!" ठिपकीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. जे वर्गात इतकं छाती पुढे काढून सांगितलं, ते खोटं निघालं हे आता कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि यापुढे बाबांनी काढलेला साधा आंबा तरी खरा मानायचा का?

तेवढ्यात आई पुढे झाली. ती दवाखान्यात नर्स होती. रडणाऱ्या माणसांना कसं उठवायचं हे तिला ठाऊक होतं. "आलोच आहोत तर त्या बदकाला भेटून येऊ. एकटं पडलंय बिचारं."

बदकाचा वळवायचा दांडा एका बाजूला अडकलेला होता. तिघांनी जोर लावून पायडल मारले, तशी होडी गर्रकन गोल फिरली. मग पुन्हा गोल.

"सरळ कसं जायचं?" आईनं काठावरच्या होडीवाल्याला विचारलं.

"सरळ जात नाही ते, ताई! गोलच फिरतं!"

"मग परत कसं यायचं?"

"दमलात की सांगा, मी ओढून घेतो!"

चौथ्या फेरीला आईची उन्हासाठी घातलेली टोपी पाण्यात पडली. पाचव्या फेरीला तीच टोपी समोर आली आणि बाबांनी ती झडप घालून पकडली. एरवी दवाखान्यात सगळ्यांना "शांत राहा" म्हणणारी आई पोट धरधरून हसत होती. ठिपकीला राग टिकवायचा होता, पण गोल फिरताना राग टिकत नाही. तुम्हीच करून बघा.

घसरगुंडीवरून ती खाली आली तेव्हा तिचा फ्रॉक मागून निळा झाला होता. बाबांनी घसरगुंडीला ओलं बोट घासून पाहिलं. "अरेरे, हा तर भिंतीचा रंग! ओल लागली की सुटणारच. इथं ऑइलपेंट लागतो." तेवढ्यात ते जाडे काका वरून घसरत आले. त्यांची पांढरी पँट एका बाजूनं निळी, एका बाजूनं पिवळी.

"काका, मागं बघा!" ठिपकी ओरडली.

आपलीच पाठ बघायला काका स्वतःभोवती दोनतीनदा फिरले. मग खो खो हसत म्हणाले, "आता रंगलोच आहे तर आणखी एकदा जातो!"

दुपारपर्यंत ठिपकी घसरगुंडीवर अकरा वेळा गेली. सिमेंटचा हत्ती उन्हानं छान कोमट झाला होता. त्याच्या पाठीवर पाच मुलं एकदम मावत होती, आणि पकडायला कान अगदी बरोब्बर होते. पोटं भरून, पाय दुखवून तिघं निघाली.

दाराशी तिकिटांची रांग लागली होती. रांगेत वडिलांच्या खांद्यावर बसलेली एक चिमुरडी बोर्डाकडे बोट दाखवून विचारत होती, "तो निळा हत्ती आहे आत?"

"असणारच की," तिचे वडील म्हणाले. "काढलाय म्हणजे असणारच."

बाबांचे पाय तिथंच अडखळले. त्यांनी टोपी पुन्हा भुवयांपर्यंत ओढली. ठिपकीला कळत होतं, गुपचूप निघून गेलं तर कुणाला काही कळणार नाही. बोललं तर सगळी रांग बाबांकडे बघेल.

तिनं बाबांचा हात घट्ट धरला आणि त्यांना रांगेपाशी नेलं.

"हा बोर्ड माझ्या बाबांनी काढलाय," ती म्हणाली. "पण तेव्हा पार्क झालं नव्हतं. आतला हत्ती करडा आहे. कारंजं नाहीये, थेंब पडतात. पण त्याच्या पाठीवर बसता येतं. घसरगुंडी बुटकी आहे आणि कपडे रंगतात. आणि बदक नुसतं गोल फिरतं, ते सगळ्यात भारी आहे."

रांगेतली डोकी वळली. बाबांनी टोपी काढून हातात घेतली. "हो, मीच काढलाय," ते म्हणाले. "न बघता काढला. ही सांगतेय ते खरं."

चिमुरडी विचारात पडली. "बदक चावतं?"

"छे!"

"मग जाऊया," तिनं वडिलांचं डोकं थोपटलं.

तेवढ्यात मागं एक आजोबा नातवंडांना घेऊन रांगेत येऊन उभे राहिले आणि मान वर करून बोर्ड न्याहाळू लागले. आई म्हणाली, "चल गं, उशीर होतोय." पण ठिपकी बाबांचा हात न सोडता आजोबांसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं पहिल्यापासून सुरुवात केली, "हा बोर्ड माझ्या बाबांनी काढलाय."