वरचा लहान स्पीकर

आमच्या लोणखेड्यात कुणाला आवाजाचं काहीही घ्यायचं असलं की आधी मला विचारायचं, हा नियम मीच करून ठेवला होता. साखर कारखान्यात मिलच्या धडधडाटात चौतीस वर्षं काढली, पण घरी आलो की माझा डेक, माझा अ‍ॅम्प्लिफायर आणि मी. कोणत्या लग्नातला बँड बेसूर होता नि कोणत्या देवळाचा कर्णा फाटलाय, हे मी ओट्यावर बसून सांगायचो. ऐकणारे माना डोलवायचे. मला वाटायचं, पटलं म्हणून डोलवतात.

सून चेतना दोन वर्षांपूर्वी खापरहून आली. तिच्याबद्दल माझी एकच तक्रार होती, ती तोंडातल्या तोंडात बोलते. हाक मारली तर ओ नाही, विचारलं तर नुसते ओठ हलतात. आमच्याकडे सुना सासऱ्यासमोर आवाज चढवत नाहीत हे मलाही ठाऊक आहे, पण हिचं हळू बोलणं मला माजाचं वाटायचं. गेल्या दिवाळीत तिचे वडील गिरधरभाऊ भाऊबीजेसाठी तिला न्यायला आले, तेव्हा चार पाहुण्यांदेखत मी त्यांना सुनावलं. पोरीला सगळं शिकवलंत, म्हटलं, विचारल्यावर उत्तर द्यायचं तेवढं राहिलं. गिरधरभाऊंनी हात जोडले. मग यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला न्यायला माहेरचं मूळ आलंच नाही. गल्लीतल्या साऱ्या सुना माहेरी झोके घ्यायला गेल्या, ही एकटी घरात. त्यावरही मी म्हणालो होतो की माहेरच्यांनाही नकोशी झालेली दिसते. आता सांगताना जीभ अडखळते, पण म्हणालो होतो.

तर जूनमध्ये घरातल्या नव्या हॉलसाठी स्पीकर घ्यायला आम्ही शहाद्याला गेलो. मी, मुलगा हेमकांत आणि चेतना. दुकान अंकितचं, पोरगा मोठा बोलका. त्याने दोन जोड्या काढल्या. एक अकरा हजारांची, दुसरी अठरा. दिसायला दोन्ही सारख्याच, खाली मोठा स्पीकर आणि वर बांगडीएवढा लहान. तो नुसते बारीक, तार आवाज काढतो.

मी लगेच सूत्रं हातात घेतली. स्पीकर जमिनीवरून उचलून कानाच्या उंचीच्या स्टुलांवर ठेवायला लावले, भिंतीपासून हातभर पुढे ओढले. गाणं एकच हवं आणि आवाजही अगदी बरोबरीचा हवा, असं अंकितला बजावलं. ज्याच्यात नफा जास्त तो दुकानदार किंचित मोठ्याने वाजवतो, आणि मोठा आवाज कुणालाही चांगलाच वाटतो. दुकानातली तीन-चार गिऱ्हाइकंही ऐकत उभी राहिली. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

डोळे मिटून दोन्ही जोड्या ऐकल्या. काडीचाही फरक ऐकू येईना. मग काय, निकाल सोपा होता. सात हजार जास्त मोजायचे ते फक्त नावाचे, असं मी सगळ्यांना ऐकवलं. अकरावाली गोड आहे, बांध म्हटलं.

मागून चेतना काहीतरी पुटपुटली. मी वळलो, तिचे ओठ पुन्हा हलले.

"तोंडमातोंडमा काय बोलस?" मी म्हणालो. "जोरमा बोल. आठे दुकानमा बी तेच?"

गिऱ्हाइकं तिच्याकडे बघायला लागली. तिने मान खाली घातली.

अंकितने मात्र अकरा हजारांच्या स्पीकरला कान लावला, मग दुसऱ्याला. त्याचा चेहरा उतरला. ही जोडी रोज दाखवायला वाजते, वरचे लहान स्पीकर केव्हाचे गेलेले दिसतात, नवी जोडी गोदामातून आणतो, असं तो म्हणाला. आणि मग अगदी साधेपणाने म्हणाला, "वहिनींनी दोनदा सांगितलं ना, काका. वरचा लहान स्पीकर वाजत नाही म्हणून."

असं कसं होईल, मी म्हणालो, मला तर स्वच्छ ऐकू आलं. मी हटेना, तेव्हा त्याने अठरावाल्या जोडीवर मोबाईलवरून चाचणीची शिट्टी लावतो म्हणून सांगितलं. लहान स्पीकर धड असला की ती ऐकू येते. मी पुन्हा डोळे मिटले. वाट पाहिली. आणखी पाहिली.

"लाव ना मग," मी म्हणालो.

डोळे उघडले तर हेमकांतची बोटं कानात होती. एक म्हातारा तोंड वाकडं करून दाराकडे सरकत होता. चेतनाने दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते. मी बघतोय हे दिसताच तिने ते झटकन खाली घेतले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माले बी ऐकू नही उनं, आबा."

माझी लाज राखायला ती माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलली. दोन वर्षं जिला मी माजोरी ठरवलं होतं, ती. तोंड कुठे लपवू असं झालं. स्पीकर तिथेच टाकून मी बाहेर पडलो.

बाहेर रसवंतीपाशी मागोमाग आलेल्या हेमकांतला विचारलं, आखाजीला मूळ का आलं नव्हतं? खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. गिरधरभाऊंनी तिला फोनवर बजावलं होतं, आधी सासऱ्याशी नीट बोलायला शीक, मग माहेरी ये. मला का नाही सांगितलं, मी म्हणालो. तुमचे कान गेलेत हे तुम्ही ऐकून घेतलं असतं का, असं तो म्हणाला. मी ऐकून घेतलं नसतं.

घरी जाईपर्यंत थांबलो असतो तर धीर गेला असता. मागून आलेल्या चेतनाला तिथेच वडिलांना फोन लावायला लावला.

"गिरधरभाऊ," मी म्हणालो, "मन्हा कान गयात. पोरनी काहीच चूक नही. दिवाईले मी जे बोलनू, ते चुकनं."

तिकडून ते काहीतरी बोलत राहिले. मला एक शब्द समजेना. मी फोन चेतनाकडे दिला आणि विचारलं, काय म्हणतात?

तिने ऐकलं. तिचा चेहरा बदलला. पदर सावरून ती माझ्या कानाशी म्हणाली, "मन्हा बाबा माफी मागी ऱ्हायनात. आमनंच चुकनं म्हनतस."

मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो. तिला वाटलं, मला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मग तिसऱ्यांदा, भर रस्त्यात ओरडून. रसवंतीवरची माणसं वळून बघायला लागली.

मला ते पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.