खालच्या पाण्यातली जोडी

माशांच्या टाकीतून जाळीने बाहेर काढली तेव्हा मादी अजून मऊ होती. रेणुकाने तिला ओल्या कापसावर ठेवलं. बोटाच्या दोन पेरांएवढा जीव. अंगावर निळे ठिपके, पोटाशी गुलाबी झाक. शेपटीचं टोक कुरतडलेलं होतं आणि पाठीवरचा पर चिंध्या झाल्यासारखा दिसत होता. वरच्या पाण्यात काळ्या पट्ट्यांचे नवे मासे एकमेकांमागे धावत होते. नर कुठेच दिसत नव्हता.

"मेली का?" नीळकंठ मागे येऊन उभे राहिले. कोर्टात जायची तयारी झाली होती, हातात डब्याची पिशवी होती.

"हो. यायनंच मारली. मी आणलेल्या माशाइनं."

नीळकंठांनी कापसाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "विहंगच्या दुकानात अशीच भेटते. आणून सोडून दे. गार्गीले समजत पण नाही."

 कापूस दुमडून रेणुकाने मागच्या अंगणातल्या मोगऱ्याच्या कुंडीत खड्डा केला, मादीला पुरलं आणि हात धुऊन दवाखान्यात ड्यूटीवर गेली.

टाकी नीरजाची होती. नीरजा म्हणजे नीळकंठांची पहिली बायको. आजारपणात तिचा पलंग दिवाणखान्यात, टाकीच्या समोर लावलेला असे. खामगावच्या पाण्यात क्षार फार, म्हणून माशांसाठी आरओच्या पाण्याचा जार वेगळा यायचा. चालता येत होतं तोवर एकदा ती लेकीला, गार्गीला घेऊन विहंगच्या दुकानात गेली आणि रॅम माशांची ही जोडी घेऊन आली. त्यानंतर ती घराबाहेर पडली ती फक्त दवाखान्यासाठी. ती गेल्यावर टाकीतले बाकीचे छोटे मासे एकेक करून मरत गेले. ही जोडी तेवढी उरली.

रेणुका मूळची जानेफळची. आईचं अंथरूण सांभाळता सांभाळता तिचं लग्नाचं वय निघून गेलं होतं. आई गेल्यावर नीळकंठांचं स्थळ आलं. गार्गीने स्वतःच वडिलांना सांगितलं होतं, "बाबा, करून घ्या. मी अकोल्याले राहीन, तुम्ही एकटे काय करसान?" लग्नात तिने पाहुण्यांना वाढलंही. पण त्यानंतर रेणुकाला काय म्हणायचं हे तिला ठरवता आलं नसावं. ती काहीच म्हणत नसे. होस्टेलवरून फोन आला की वडिलांशी बोलणं व्हायचं आणि शेवटी फोन रेणुकाकडे जायचा.

"मासे बाहेर येतात का?" गार्गी विचारायची.

"नाही गं. लाकडामागंच बसून राह्यतात."

"बरं."

दोघींमध्ये बोलायला एवढंच होतं. नर-मादी दोघंही दिवसभर बुडातल्या लाकडाच्या आडोशाला असत. दाणे टाकले तरी येत नसत, दिवा घालवल्यावर कधीतरी खात. एकदा तरी 'हो, आले बाहेर' असं सांगावं, असं रेणुकाला फार वाटायचं. म्हणून, सोबत मिळाली तर जोडी बाहेर येईल असं वाटून, बाजारातल्या एका गाड्यावरून तिने ते पट्टेवाले मासे आणले. गाडीवाला म्हणाला होता, लय चपळ आहेत, मरत नाहीत. गार्गी घरी येईल तेव्हा टाकी भरलेली दिसेल, म्हणून तिने फोनवर सांगितलंही नाही.

ड्यूटी संपल्यावर तिने घरी येऊन पट्टेवाल्यांना पिशवीत भरलं आणि विहंगच्या दुकानात नेलं. विहंगने पिशवी उजेडात धरली.

"टायगर बार्ब. रॅमसंग हे कोणं सांगतले तुमाले?"

"कोणी नाही. माह्या मनानंच टाकले. मादी मेली, नर तेवढा वाचला लाकडामागं."

"हे दुसऱ्याचे पर तोडतात, मॅडम. रॅम गरीब जात. अंडी घातल्यावर तेवढी भांडते, बाकी लपून बसते. तशीही तुमची जोडी म्हातारी झाली होती."

"लपून काऊन बसते?"

"वर कोणी दिसत नाही म्हून. वरच्या पाण्यात लहान, शांत मासे मोकळे फिरताना दिसले, की खालच्याले वाटते, भेव नाही. एंबर टेट्रा घेऊन जा. गरम पाणी त्याईले चालते. बुडाशी मात्र दुसरं कोणी सोडू नका, ती जागा त्याची राहू द्या."

बोलता बोलता रेणुकाची नजर मागच्या टाकीवर गेली. तिथे एक मादी होती. तेच निळे ठिपके, पोटाशी तीच गुलाबी झाक.

"हाव, तशीच आहे," विहंग म्हणाला. "कोणाले ओळखू येणार नाही. फक्त मधात काच लावून ठेवा लागंन काही दिवस. नर एकदम घेत नाही. कधी कधी मारूनच टाकते."

रेणुका त्या मादीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग टेट्रांची पिशवी घेऊन बाहेर आली आणि दुकानाच्या पायरीवर बसून तिने गार्गीला फोन लावला. स्वतःहून लावलेला हा तिचा पहिलाच फोन होता.

"गार्गी, मादी मेली. माह्यामुळं मेली. मी दुसरे मासे आणून टाकले होते, त्याइनं तोडली तिले."

 गार्गी म्हणाली, "आईनं घेतली होती ती."

"मले माहीत आहे."

"मग काऊन हात लावला तुम्ही टाकीले?"

 "इथं दुकानात तशीच एक आहे," रेणुका म्हणाली. "तू म्हणशील तर आणीन."

"नोको." फोन बंद झाला.

शनिवारी संध्याकाळी गार्गी अकोल्याहून आली. चपला काढून, खांद्यावरच्या बॅगेसकट ती सरळ टाकीसमोर जाऊन उभी राहिली. वरच्या पाण्यात केशरी रंगाचे बारीक टेट्रा फिरत होते. नीळकंठ दारातच घुटमळले. मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना राहवलं नाही.

"मी तर हिले म्हटलं होतं, दुसरी आणून सोड म्हून. तुले समजलं पण नसतं. एवढं मनाले लागलं नसतं तुह्या."

गार्गीने वडिलांकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच वळून रेणुकाकडे पाहिलं.

"मग काऊन नाही आणली?"

रेणुका पदराला हात पुसत होती. "तू फोनवर विचारलं असतं, बाहेर आली का म्हून. मी हो म्हटलं असतं. दर वेळी ते खोटं राह्यलं असतं. माह्याच्यानं ते झालं नसतं."

गार्गी पुन्हा टाकीकडे वळली. तिने विचारलं, "कुठं टाकली तिले?"

"मोगऱ्याच्या कुंडीत पुरली. कापसात गुंडाळून."

गार्गीने मान हलवली. नीळकंठ आत निघून गेले. स्वयंपाकघरातून चहाच्या भांड्याचा आवाज येऊ लागला. रेणुकाने पुढे होऊन गार्गीच्या खांद्यावरची बॅग उतरवली. गार्गीने ती उतरवू दिली.

तेवढ्यात लाकडामागे काहीतरी हललं. नर बाहेर आला. पराची तुटलेली कड अजून भरली नव्हती. केशरी माशांच्या खालून तो सावकाश पुढे सरकला आणि काचेजवळच्या एका चपट्या गोट्यापाशी थांबला. तोंडाने गोटा टिपू लागला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"खाऊन राह्यला का?" रेणुकाने हळूच विचारलं.

"नाही." गार्गी काचेजवळ वाकली. "अंडी घालायच्या आधी दोघं मिळून गोटा साफ करतात. आई दाखवायची मले."

दोघी टाकीसमोर उभ्या राहिल्या. गोटा केव्हाच लख्ख झाला होता. नर तरीही थांबला नाही. एक कड टिपून झाली की तो बाजूला सरकायचा, शेजारी कोणाला जागा करून दिल्यासारखा थोडा वेळ स्थिर राहायचा, आणि मग ती कडही स्वतःच टिपायला लागायचा.