आलेखाच्या शेपटीत

"आजही नाही हो. चला परत आपल्या खाटेवर," असं म्हणत ट्रॉलीवाल्या काकांनी ऑपरेशन थिएटरच्या दारातून ट्रॉली मागे वळवली.

ट्रॉलीवर हिरवा झगा घालून, सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेता पडलेला माणूस हसला. "काका, मी लिफ्टा दुरुस्त करतो. आजवर किती लोकांना वर पाठवलं त्याची गणती नाही. आणि मला एकट्याला वर पाठवायला तुम्हाला जमेना?"

काकांना हसू आवरेना. ट्रॉलीचा दांडा धरून चालणारी त्याची बायको मात्र हसली नाही. "हसू नका म्हटलंय ना डॉक्टरांनी. पोटावर ताण येतो."

"ऐकलंत? ही आमची भागूबाई. मी हसलो तरी हिला धडकी भरते."

हे नाव त्याने लग्नाच्या आधीच ठेवलं होतं. ती एका संशोधन संस्थेत गणिताचं काम करत होती आणि एके दिवशी संस्थेच्या लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. दार उचकटून आत डोकावलेल्या मेकॅनिकला ती कोपऱ्यात डोळे गच्च मिटून बसलेली दिसली. "अहो भागूबाई, संपलं सगळं, उघडा डोळे," तो म्हणाला होता. पुढे तिने त्या माणसाशी लग्न केलं, पण लिफ्टमध्ये पुन्हा पाऊल ठेवलं नाही. चार मजले चढून धापा टाकत कामावर पोचायची. पाल, विमान, कुरिअरवाल्याची बेल, बंद खोलीतला फ्रीजचा आवाज, ही बाई कशालाही घाबरायची. आपणही तिला भागूबाईच म्हणू.

या वेळी मात्र घाबरायला खरंच कारण होतं. नवऱ्याच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी एका जागी फुगली होती. ती कापून तिथे नळी बसवायची, पाच-साडेपाच तासांचं काम. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं, "अगदी तातडीचं म्हणता येणार नाही. पण रेंगाळूनही चालणार नाही. फुटली, तर आम्हाला काही करायला वेळ मिळत नाही." हे ऐकल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तो खोकला की ती उठून उभी राहायची. तो झोपला की ती त्याच्या चादरीकडे बघत बसायची, वर-खाली होतेय ना म्हणून.

आणि आज तिसऱ्यांदा त्याला दारातून परत आणलं होतं.

"यादी कॉम्प्युटर लावतो, आमच्या हातात काही नाही," वॉर्डमधली सिस्टर सगळ्यांनाच सांगायची. नातेवाईक कॉम्प्युटरच्या नावाने बोटं मोडायचे. भागूबाई गप्प असायची. त्या कॉम्प्युटरच्या पोटात काय आहे हे त्या मजल्यावर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण ते तिनेच लिहिलं होतं.

रांगा कशा लावाव्यात याचं एक शास्त्र आहे, आणि त्यात तिची उमर गेली होती. एकच खिडकी, पुढे बरीच कामं, कुणाला आधी घ्यायचं? छोटं काम आधी घ्या, की सगळ्यांचं मिळून सरासरी थांबणं कमीत कमी होतं. सिद्धताही सोपी आहे. रांगेत मोठ्या कामाच्या लगेच मागे छोटं काम उभं असेल तर दोघांची अदलाबदल करा, सरासरी उतरते. अशा अदलाबदली करत राहिलं की रांग आपोआप लागते. हे तिने एकदा स्वयंपाकघरात नवऱ्याला समजावून सांगितलं होतं, दुकानाचं उदाहरण देऊन.

"म्हणजे काडेपेटीवाले पुढे," तो म्हणाला होता, "आणि पिशवी भरून घ्यायला आलेला बिचारा दुकान बंद होईस्तोवर ताटकळत?"

"तसं होऊ नये म्हणून थांबणाऱ्याला आम्ही वजन देतो. जितका जास्त थांबला, तितका वर सरकतो."

"किती वजन?"

किती, हाच तर प्रश्न होता. वजन जास्त दिलं की सरासरी बिघडत होती. सर, म्हणजे तिचे संस्थेतले प्रमुख, आणि ती, दोघांनी मिळून बेताचंच ठेवलं. रुग्णालयाच्या बैठकीत तिने जो आलेख दाखवला, त्यात बहुतेक रुग्ण डाव्या बाजूला एका उंच डोंगरात मावले होते. उजवीकडे एक बारीक रेघ लांबच लांब गेली होती. कुणीतरी विचारलं, हे काय? "शेपूट," सर म्हणाले, "असतेच थोडी." तीही मान हलवून मोकळी झाली. आता त्या शेपटीत तिचा नवरा हिरवा झगा घालून पडला होता.

त्याला खाटेवर सरकवून, पेज पाजून, ती जिन्यात आली आणि तिने सरांना फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"सर, थांबण्याचं वजन वाढवायला हवं. आजच."

"आजच कसं? समिती बसेल, चाचणी होईल. पुढच्या महिन्यात बघू. झालंय काय?"

तिने सांगितलं. सर खरोखर हळहळले. मग सवयीने त्यांनी विचारलं, "किती दिवस थांबलाय?"

"आज तिसरा."

"तीन? तीन म्हणजे आपल्या हिशेबात काहीच..." ते मध्येच थांबले. "माफ कर. माझ्या तोंडून गेलं."

तिला राग आला नाही. तीही हेच म्हणाली असती. मागच्या आठवड्यापर्यंत म्हणतच होती.

दुपार कलल्यावर ती तळमजल्यावरच्या नियोजनाच्या खोलीत गेली. तिथे एक प्रौढ सिस्टर उद्याची ऑपरेशनं भरत बसली होती. यंत्रणा नवी असताना भागूबाईनेच तिला शिकवलं होतं, त्यामुळे सिस्टरने लगेच ओळखलं. "अगं बाई, मॅडम तुम्ही? आणि चेहरा असा का?"

सांगता सांगता भागूबाईला रडू कोसळलं. सिस्टरने उठून दार लोटून घेतलं, तिला खुर्चीत बसवलं आणि पडद्यावर नवऱ्याचा क्रमांक काढला.

"साडेपाच तास. मोठ्या डॉक्टरांचा पेशंट ना? तरीच. मॅडम, तुम्हाला म्हणून सांगते. सगळेच डॉक्टर वेळ जरा हात आखडूनच सांगतात. चारचं तीन, तीनचं दोन. कमी सांगितलं की नंबर लवकर लागतो, हे कळायला काय लागतं? मोठे डॉक्टर तेवढे खरं सांगतात. म्हणून त्यांची माणसं लोंबकळतात."

भागूबाई पडद्याकडे बघत राहिली. या यंत्रणेवरच्या तिच्या शोधनिबंधाची पहिलीच ओळ होती, 'प्रत्येक कामाला लागणारा वेळ खरा सांगितला जातो असे मानू.' त्या ओळीवर तिने कधी पळभरही घालवला नव्हता. मानू म्हटलं आणि पुढच्या समीकरणाला लागली. परीक्षकांनीही मानलं, सरांनीही मानलं.

"मी तीन टाकू का?" सिस्टरने खालच्या आवाजात विचारलं. "उद्या पहिला नंबर लागेल त्यांचा. पण तुम्ही म्हणाल तरच."

तीन टाकलं की, तीन दिवसांचं वजन धरून, तो नेमका पहिला लागत होता. हा हिशेब भागूबाईने खोलीत शिरतानाच मनातल्या मनात केला होता. पहिलं ऑपरेशन अडीच तासांनी लांबलं की दिवसाच्या शेवटी कुणीतरी बाहेर पडणार, हाही केला होता. कोण, ते पडद्यावर खाली दिसलं असतं. तिने नजर खाली जाऊ दिली नाही.

"टाका," ती म्हणाली.

सकाळी त्याला नेताना तो म्हणाला, "बघ, लागला की नाही नंबर? उगाच जीव टांगणीला लावून घेतलास." दार बंद झालं. ती बाहेरच्या बाकावर बसली, समोर भिंतीवर पडदा. त्यावर क्रमांक, नेमलेली वेळ आणि उलटलेली वेळ. नवऱ्याच्या क्रमांकापुढे तीन तास.

शेजारी एक पस्तिशीची बाई येऊन बसली. तिच्या वडिलांचं आज ऑपरेशन होतं, चार तासांचं. दोनदा परत पाठवलं होतं. आज नक्की होणार असं सांगितलं होतं. "बाबा पोस्टात खिडकीमागे बसायचे," ती म्हणाली. "रांगेत उभं राहायची सवय लोकांना, त्यांना नाही. पहाटेपासून विचारतायत, माझं कधी गं?" भागूबाईने मान हलवली. दुसरं काही करणं तिला सुधरेना.

तीन तास उलटले तसा क्रमांक लाल झाला. भागूबाईला ठाऊक होतं की लाल होणारच. तो आकडा खोटा होता, तिनेच घालायला लावलेला. तरी तो लाल झाला तशी ती बाकावरून अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. आत खरंच काही बिघडलं असलं तरी पडदा असाच दिसला असता. खऱ्या धोक्याची खूण तिने स्वतःच पुसून टाकली होती, आणि आता बाहेर बसून तिला काहीही कळायला मार्ग नव्हता.

"घाबरू नका," शेजारची बाई म्हणाली. पडदा तिलाही दिसत होता. तिने भागूबाईचा हात आपल्या हातात घेतला. "लागतो कधी कधी जास्त वेळ. वेळ लागतोय म्हणजे डॉक्टर नीट काम करतायत, असं समजायचं."

आणखी तासाभराने ट्रॉलीवाले काका आले. "ताई, तुमच्या वडिलांना परत वर नेतोय. आतलं लांबलंय, आज काही व्हायचं नाही."

ती बाई उठली, बाबांशी बोलून आली आणि पुन्हा येऊन बसली. डोळे पुसलेले दिसत होते. "भाऊ आहे त्यांच्यापाशी. तुम्हाला असं एकटं टाकून कशी जाऊ?" तिने परत हात धरला. "माझ्या बाबांचं काय, उद्या होईल. तुमच्या माणसाला आत काय सोसावं लागतंय कुणास ठाऊक."

भागूबाईला वाटलं, हात ओढून घ्यावा आणि पळत सुटावं. तिने तो घट्ट धरून ठेवला. सोडला असता तर ती बाकावरून खाली कोसळली असती.

दार उघडलं तेव्हा मोठे डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. "छान झालं. नळी बसली, रक्त नीट वाहतंय. थोड्या वेळाने आत येऊन बघा त्यांना."

शेजारच्या बाईनेच विचारलं, "डॉक्टर, फार वेळ लागला हो. काही अडचण आली होती का?"

"छे. याला एवढा वेळ लागतोच. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मी यांना," असं म्हणून डॉक्टर निघून गेले.

भागूबाई हुंदके देऊन रडू लागली. शेजारच्या बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "झालं ना नीट? मग बरं झालं." ती मनापासून म्हणाली.

ते भागूबाईला ऐकवेना. "ऐका," ती घाईघाईने बोलू लागली, "खाली नियोजनाच्या खोलीत जा. सिस्टरना सांगा, चार नको, अडीच टाका म्हणावं. मी येते बरोबर. उद्या पहिला नंबर तुमच्या बाबांचाच लागेल. आमच्या वेळी तसंच..."

ती थांबली. पण जायचं ते बोलून गेलं होतं.

बाईचा हात पाठीवरून निघाला. तिने पडद्याकडे पाहिलं. तिथे अजून तीन तास लिहिलेलं होतं. मग तिने शेजारची उलटलेली वेळ वाचली, साडेपाच तास. भागूबाईने डोळे मिटून घेतले. आता ही ओरडेल, चार माणसं जमतील, असं तिला वाटलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे मग उद्या आमच्या जागी कोण परत जाईल?" बाईने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

भागूबाईने पडद्याकडे पाहिलं, त्यावर फक्त आजचे क्रमांक होते.

आतून सिस्टरने हाक मारली. बाई उठली. भागूबाईचा स्वेटर केव्हातरी बाकावरून खाली घसरला होता. तो तिने उचलला, झटकला आणि भागूबाईच्या हातात दिला.

"आत फार गार असतं म्हणतात," ती म्हणाली. "घालून जा."