काळी नखे आणि भाजल्या मिरच्यांची शेगडी

मित्रांनो, नदीकाठच्या जुन्या काडेपेटी कारखान्याच्या शेडमध्ये, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी, गुडघाभर उंचीची एक पत्र्याची शेगडी उभी आहे. ती मीच. हिवाळाभर मी इथे अर्धवट झोपेत असते आणि स्वप्नात मला लाल मिरच्या दिसतात.

विडोसाव लोहाराने मला बायकोसाठी एका फुटक्या बंबाच्या पत्र्यातून घडवले. सप्टेंबर आला की आमच्या सर्बियातल्या या गावात अंगणोअंगणी लाल ढोबळ्या मिरच्या भाजतात, सोलतात आणि घोटून घोटून त्यांची आयवार चटणी करतात. सारा गाव धुरात तरंगतो. माझ्यावर भाजलेल्या मिरच्यांचे तेव्हा केवढे कौतुक व्हायचे! पुढे ते दोघे गेले, मुलाने घर विकले आणि मी उकिरड्यावर येऊन पडले. पावसात गंजले. फार एकटे वाटले.

तिथून मला देसांकाताईने उचलले. नगरपालिकेच्या अनुदानावर ती हे केंद्र चालवते. लोकांनी टाकलेले ती दुरुस्त करते आणि पुन्हा वापरात आणते. माझे दारही तिनेच नवे बसवले. मला मात्र ती विकत नाही, उसनी देते. सप्टेंबरभर मी या अंगणातून त्या अंगणात फिरते आणि परत येते.

यंदा अनुदान बंद व्हायची वेळ आली. नगरपालिकेच्या सदस्य झागोर्काबाई पाहणीला आल्या, तेव्हा म्हाताऱ्या बोसिल्काकाकू शेडसमोर माझ्यावर मिरच्या भाजत होत्या.

"ही शेगडी अजून खपली नाही?" बाईंनी विचारले.

"विकायचीच नाहीये. लोक नेतात, आणून देतात," देसांका म्हणाली.

"म्हणजे इथेच पडून. असला माल आधी भट्टीत घाला, मग अनुदानाचं बोला."

माझ्या पोटातला विस्तव गार पडल्यासारखा झाला.

काकूंनी मानही वर केली नाही. "बाई, आयवारच्या दिवशी आलेलं माणूस कोरड्या हातानं जात नाही. बसा, सोला."

"मी कामावर आलेय, काकू."

"मग आम्ही काय झोपा काढतोय?"

बाई बसल्या. गरम मिरचीची जळकी साल ओढू लागल्या. तिसऱ्या-चौथ्या मिरचीला म्हणाल्या, "आई गेल्यापासून हा वास घेतला नव्हता."

"तिची शेगडी कुठंय?"

"भंगारात. मीच दिली."

 काकूंनी मिरच्यांचे आणखी एक घमेले बाईंपुढे सरकवले.

ती काळी साल साबणाने निघत नाही, नखांत राहते. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या सभेत अनुदानावर मतदान झाले. देसांका सांगते, सगळ्यांत आधी वर गेलेल्या हाताची नखे काळी होती.

पैसे एकाच वर्षाचे मिळाले आहेत. पुढल्या सप्टेंबरात पुन्हा हात वर व्हावे लागतील. म्हणून, मित्रांनो, घरातले जुने काही भंगारात द्यायच्या आधी शेजारी एकदा विचारून पाहा. एवढेच माझे मागणे.

आता मी झोपते. पुढच्या वर्षी मला न्यायचा पहिला नंबर झागोर्काबाईंनी लावून ठेवला आहे.