बॉनेटवरचे ठिपके

११ मार्च १९५५, शुक्रवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. अंबरनाथच्या कारखान्यात गोदामाच्या सावलीला उभ्या असलेल्या साहेबलोकांच्या चार मोटारींवर तांबड्या रंगाचे बारीक ठिपके पडले.

दिनानाथ कर्णिक देखभाल खात्याचे मुख्य. तंत्रशाळेत शिकलेले, पन्नाशी ओलांडलेले, प्रत्येक गोष्ट मोजून-मापून करणारे. गोदामाच्या पत्र्यांवर फवाऱ्याने गंजरोधक रंग मारायचे त्यांनीच ठरवले होते. सकाळी आठला अंगणात उभे राहून त्यांनी वहीत नोंद केली होती : ‘वारा नाही.’ दहाला वारा उठला तेव्हा ते आपल्या खोलीत होते. फवारा गोमाच्या हाती होता. काम थांबवायला हुकूम हवा, म्हणून त्याने वर निरोप धाडला आणि उत्तर येईपर्यंत तो पत्रे रंगवत राहिला.

गोमा बारवी नदीकडच्या पाड्यावरचा. दीड वर्ष हंगामी होता. येत्या एक तारखेपासून त्याला कायम करण्याचा कागद तयार होता. उरली होती ती फक्त व्यवस्थापक गुप्ते साहेबांची सही.

“गोम्या, चारही पोरींना गोवर आला की रे!” रघु फिटर हसला.

“तुझ्याच सासरच्या हायेत, लाव अंगारा,” गोमा म्हणाला. पण त्याची नजर गुप्ते साहेबांच्या खिडकीवर होती.

“घाबरू नकोस,” निरोप मिळून खाली आलेले दिनानाथ म्हणाले. “साहेब चारला बाहेर पडतात. तोवर एक ठिपका राहणार नाही.”

ते पोकळ बोलणे नव्हते. ठिपके अजून ओले होते. थिनर लावला असता तर ठिपक्यांबरोबर मोटारीचा मूळ रंगही विरघळला असता. टर्पेंटाइन मात्र ठिपक्यांचा तेलाचा रंग उचलते आणि मोटारीवरच्या मूळ लॅकर-रंगाला धक्का लावत नाही. तरीही त्यांनी चारही गाड्यांच्या दाराच्या आतल्या कडेवर थेंब टाकला, घड्याळ लावून पाच मिनिटे थांबले आणि पांढऱ्या फडक्याने पुसून पाहिले. फडके चारही वेळा पांढरेच राहिले.

गोमाने जेवणाची सुट्टी घेतली नाही. हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसत तीनच्या सुमारास त्याने तीन गाड्या आरशासारख्या केल्या. चौथी गुप्ते साहेबांची, सायीच्या रंगाची. तिच्या बॉनेटवर तो वाकला आणि तसाच थांबला.

“सायेब, ह्या झाकनाचा वास निराळा येतो. रंग नवा हाय. याला ह्ये तेल नको.”

“वासावर काम चालत नाही, गोमा. दाराच्या कडेवर परीक्षा झाली आहे. गाडी एक, रंग एक.”

“गाडी एक हाय, सायेब. पन दार त्ये दार, नि झाकन त्ये झाकन.”

“आता गोमा मास्तर शिकवणार बरं का, कर्णिक साहेब!” रघुने टाळी वाजवली.

दिनानाथांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एक थेंब बॉनेटच्या कोपऱ्यावर टाकून पाहायला पाच मिनिटेच लागली असती. ते म्हणाले, “फडके चालव.”

गोमाने चालवले. दुसऱ्याच हाताला फडक्यावर साय चढली. बॉनेटच्या मधोमध वीतभर करडे अस्तर उघडे पडले.

ड्रायव्हर बाळाजी धावत आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, “मागल्या पंधरवड्यात बैलगाडीला धडकली होती. बाहेरच्या गॅरेजात बॉनेट रंगवून घेतलं, साधा एनॅमल, म्हणजे तेलाचाच रंग. विचारलं असतं तर सांगितलं नसतं का मी?”

कोणी विचारले नव्हते.

चार वाजता गुप्ते साहेब आले. बॉनेटभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारले, “कोणाच्या हातून झालं?”

रघु जमिनीकडे पाहू लागला. दिनानाथांनी सारे क्रमाने सांगायचे मनाशी जुळवले होते : वारा, परीक्षा, इशारा, हुकूम. पण प्रश्न हाताचा होता.

“फडकं गोमा मारत होता, साहेब.”

गोमाने त्यांच्याकडे एकदाच पाहिले. मग फडक्याची नीट चौघडी करून त्यांच्या पायाजवळ ठेवली आणि हात धुवायला नळाकडे गेला. टर्पेंटाइनचा वास जाईना; तो बराच वेळ धूत राहिला.

भोंगा झाला. गोमाला कायम करण्याचा कागद सहीविना परत आला होता. दिनानाथांनी वही उघडली. सकाळची ‘वारा नाही’ ही नोंद वळणदार अक्षरात होती. ती त्यांनी खोडली नाही. तिच्याखाली लिहिले :

गाड्या चार. स्वच्छ तीन. कामावरून कमी : एक.