‘नाही’चा चौकोन

धाकटीच्या जिभेला हाड नव्हतं हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. ती जीभच एका सकाळी लुळी पडली, तेव्हा भेटायला आलेले लोक तोंडावर हळहळले आणि जिना उतरताना म्हणाले, “चला, एक भोंगा बंद झाला.”

थोरलीने ते ऐकलं. ती दारातच उभी होती. तिला राग यायला हवा होता, पण आलं ते हसू, आणि ते तिने पदराआड दाबलं.

दोघी बहिणी बापाच्या मागे उरलेल्या दोन खोल्यांत राहत. थोरली जन्मभर घरी बसून शिंप्यांची काजं-बटणं करत आली. त्या कामाला सुई लागते, नजर लागते, बोलावं लागत नाही. म्हणूनच तिने ते धरलं होतं. कारण थोरली अडखळायची. दर शब्दाला नव्हे. म, न, ब अशी ओठाजिभेची अक्षरं वाटेत आली की गाडी रुतायची आणि कितीही ढकलली तरी निघायची नाही. धाकटी चालायला लागली त्याच सुमाराला तिची नक्कल करायलाही शिकली असावी. हनुवटी पुढे काढायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, “न-न-न-नाही!” हसता हसता बापाच्या हातातला घास ताटात पडायचा. आई म्हणायची, “पुरे गं, लागतं तिला,” आणि तोंड फिरवून स्वतःही हसायची. नक्कल नसेल तेव्हा धाकटी तिचं वाक्य पुरं करून द्यायची. तोंड थोरलीने उघडायचं आणि शेवट धाकटीने करायचा, असा त्या घराचा रिवाजच पडून गेला.

एकदा एक घड्याळं दुरुस्त करणारा थोरलीला मागणी घालायला आला होता. सरळ माणूस. त्याने सगळ्यांदेखत तिलाच विचारलं, “माझ्याशी संसार कराल का?” थोरलीला म्हणायचं होतं, मला आवडेल. ती ‘म’पाशी रुतली. म-म-म करता करता कानशिलं लाल झाली, आणि पडद्यामागून धाकटीने वाक्य पुरं केलं, “मरण आलं तरी चालेल म्हणतेय!” घर हसलं. सगळ्यांत मोठ्याने हसला तो घड्याळजी. पुढच्या वर्षी त्याने परत मागणी घातली, ती धाकटीला.

काही वर्षांनी तो वारल्यावर धाकटी माहेरी परतली ती त्याच्या हत्यारांची पेटी घेऊन. कापडाच्या दुकानात विकायला उभी राहिली आणि गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंडाळून ताग्याचे तागे खपवू लागली. त्या जुन्या दिवसाबद्दल ती कधी एक अक्षर बोलली नाही. तोंडात तीळ न भिजणारी बाई, पण तेवढा तीळ मात्र भिजत ठेवलेला.

आणि आता उजवं अंग गेलं, वाचा गेली. कळायचं सगळं, डोळे पूर्वीइतकेच तिखट होते. पण लिहायला द्यावं तर अक्षरं मुंग्यांसारखी पळायची, आणि मान तर दिवसभर आपोआप हलत राहायची, त्यामुळे हो म्हणताना आणि नाही म्हणताना ती सारखीच दिसे.

इस्पितळातून एक तरुण बाई येऊ लागली. ती वाचा गेलेल्या माणसांना बोलती यंत्रं द्यायची, म्हणून थोरली तिला मनातल्या मनात यंत्रवाली म्हणे. तिने पाटीएवढा एक पडदा आणला. त्यावर चित्रांचे चौकोन होते: पेला, पलंग, खिडकी, दुखऱ्या पोटावर ठेवलेला हात. चौकोनाला बोट लागलं की यंत्राने तो शब्द बोलायचा. थरथरतं बोट भलत्या चौकोनावर घसरू नये म्हणून पडद्यावर भोकांची एक जाळी बसवली होती. नेमक्या भोकात बोट घातलं तरच शब्द उमटे.

“फक्त एक अडचण आहे मावशी,” यंत्रवाली म्हणाली. “याच्यात परक्या भाषांचे आवाज ढीगभर आहेत. आपल्या भाषेचा धड एकही नाही. घरच्या कुणीतरी एकेक शब्द बोलून भरायचा असतो. तुम्ही भराल ना?”

पलंगावरून धाकटीने बहिणीकडे पाहिलं. अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धाही हसला असता तर थोरलीने कदाचित नकार दिला असता.

“हो,” थोरली म्हणाली. तो शब्द तिला नेहमीच सरळ यायचा.

“आणि हे दोन चौकोन सगळ्यांत आधी भरा. हिरवा हो, तांबडा नाही. बाकीचे राहिले तरी चालतील. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला लोक गाठोड्यासारखं उचलतात आणि ठेवतात. मी रोज बघते.”

थोरली यंत्र घेऊन आतल्या खोलीत बसली, दार लावलं, फटीत गोधडी कोंबली. आणि एक नवल झालं. समोर कोणी नव्हतं, ऐकायला कोणी नव्हतं, तर जीभ कुठे अडखळलीच नाही. पाणी. ऊन लागतंय. पाठ चोळ. मला बाहेर बसव. शब्द कसे तेल घातल्यासारखे सुटत होते. ती भरलेले शब्द परत परत लावून ऐकत बसली. हा आवाज आपला? इतका गोड? आपल्या पोटात हा इतकी वर्षं कुठे दडून बसला होता? तिच्या स्वतःच्या फोटोचा एक चौकोन होता, त्याला “ही माझी थोरली बहीण” असं वाक्य हवं होतं. ते तर तिने उगाचच पुन्हा पुन्हा म्हटलं, लाडाने, जीभ तोंडात घोळवत.

शेवटी तांबडा चौकोन आला. तिने म्हटलं, “नाही.” लख्ख उमटलं.

बोट पुसायच्या खुणेवर गेलं तेव्हा तिचं तिलाच कळलं की आपण काय करणार आहोत. तो शब्द तिने पुसला आणि अडखळून म्हणायला गेली. पण एकटेपणी तिला अडखळताही येईना! मग तिने हनुवटी पुढे काढली, एक डोळा बारीक केला आणि धाकटी करायची तशी आपलीच नक्कल केली. “न-न-न-नाही!”

पहिल्यांदा तो चौकोन दाबला तेव्हा धाकटीचं बोट तव्याला लागल्यासारखं मागे आलं. तिने ओळखलं. कशाची नक्कल कुणी केली आहे हे त्या घरात फक्त दोघींनाच कळण्यासारखं होतं.

यंत्रवालीने कपाळाला आठ्या घातल्या. “हा परत भरा हं मावशी. जमत नसेल तर मी माझ्या आवाजात भरते.”

“होईल, होईल,” थोरली म्हणाली. यंत्रवालीच्या वाट्याला आणखी कितीतरी घरं होती; ती गेली.

त्या दिवसापासून धाकटीने तांबड्या चौकोनाला बोट लावलं नाही. मग थोरलीला खेळच सापडला.

“अजून वाढू?” ती विचारायची. धाकटीचं पोट भरलेलं असायचं. बोट तांबड्या भोकाच्या काठापाशी जायचं, तिथे थबकायचं आणि माघारी यायचं. “वाढते हं,” म्हणून थोरली चमचा तोंडात सारायची. कडाक्याच्या थंडीत विचारायची, “खिडकी उघडी ठेवू?” आणि उघडी ठेवायची. आंघोळीला “पाणी सोसतंय का गं?” म्हणून कढतच ओतायची, खांदे लाल व्हायचे. आणि प्रत्येक वेळी ती वाट बघायची. एकदा म्हण. नक्कल म्हणून नको, जिवावर बेतलंय म्हणून म्हण. जन्मभर माझ्या तोंडात जे होतं ते एकदा तुझ्या तोंडात येऊ दे, मग मी तो चौकोन पुसून चांगला भरून देईन. ती हे बोलून दाखवत नसे. पण धाकटीला तेही कळत असणार. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ पलंगावर पडून बहिणीकडे टक लावून बघत असे.

धाकटी आजारी पडली त्या पहिल्या दिवसांत, कंबर मोडायची वेळ आली तेव्हा, थोरलीने हिला म्हाताऱ्या-आजाऱ्यांच्या संस्थेत ठेवून घ्या म्हणून कचेरीत सांगून ठेवलं होतं. ते ती विसरूनही गेली होती. एके दिवशी तपासणीस बाई आल्या. हातातली छत्री कोपऱ्यात ठेवून, पायातलं पायताण न काढता त्या खुर्चीवर टेकल्या.

“जागा झालीय,” त्या म्हणाल्या. “पण आता नियम बदललाय. नातेवाइकांनी सांगून चालत नाही, माणसाला स्वतःला विचारावं लागतं. बोलता येत नसेल तर यंत्रावर. त्या नाही म्हणाल्या तर विषय संपला, घरीच राहतील, मदतीला दिवसाची बाई पाठवू.”

धाकटीच्या घशातून एक आवाज निघाला. तिला संस्था माहीत होती. दुकानातली जुनी बाई तिथे होती, तिला भेटून आल्यावर धाकटीच म्हणाली होती, “तिथे जाण्यापेक्षा मला विहिरीत ढकला.” थोरलीलाही ते आठवलं. तिचा हात कमरेवर गेला आणि तिथेच राहिला. आता म्हणेल, तिला वाटलं. आता कुठे जाते! आता म्हणावंच लागेल.

“हं, आजी,” तपासणीस बाई मोठ्याने म्हणाल्या, जणू धाकटीचे कानही गेले होते. “तुम्हाला संस्थेत राहायला जायचंय? हो की नाही?”

बोट उठलं. थरथरत तांबड्या भोकावर आलं. भोकात शिरलं. काचेच्या केसभर वर थांबलं. धाकटीने मान जमेल तितकी वळवून थोरलीकडे पाहिलं. थोरलीचे ओठ पुढे आले होते. लहान मुलाला घास भरवताना आईचे येतात तसे.

ते ओठ धाकटीने पाहिले. बोट तांबड्या भोकातून निघालं आणि हिरव्यात गेलं.

“हो,” यंत्र म्हणालं. थोरलीचा आवाज, तुपासारखा.

“वा! किती छान बोलतं हो हे!” तपासणीस बाई उठल्या.

“न-न-न—” थोरलीने त्यांचा हात धरला. तिला म्हणायचं होतं, नाही, खोटं सांगतेय ती, माझ्यावर उट्टं काढायला सांगतेय, तिला इथेच राहायचंय. “न-न-न-न—”

“नाही झेपत आता तुम्हाला,” तपासणीस बाईंनी मायेने वाक्य पुरं केलं. “दिसतंय ना मला. वाईट वाटून घेऊ नका.”

पलंगावर धाकटी हसली. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते. थोरलीने ते बघितलं आणि तोंड मिटलं. अजून वेळ होता. बाई छत्री उचलेपर्यंत वेळ होता, जिना उतरेपर्यंत होता. थोरलीने तोंड मिटलेलंच ठेवलं.

धाकटीला नेलं. यंत्रही धाकटीबरोबर गेलं होतं, आणि त्याच्याबरोबर तो गोड आवाज. थोरली आतल्या खोलीत दार लावून एकटीच बोलून बघायची, पण आता एकटीलाही जीभ अडायला लागली होती. कोणीतरी ऐकतंय असं सारखं वाटायचं. काजं वाकडी येऊ लागली. शेवटी तिने ठरवलं, जायचं. तो चौकोन पुसून नीट भरून द्यायचा. धाकटीने तो अडखळता शब्द कधीच म्हटला नाही तरी चालेल.

संस्थेचं लांबच लांब दालान, दोन्हीकडे दारं. टोकाच्या खोलीतून हसण्याचा लोट येत होता. म्हाताऱ्या बायकांचं, खोकत, धापा टाकत केलेलं हसणं. थोरली जवळ गेली तसा तिला तो आवाज ऐकू आला.

“न-न-न-नाही!”

आणि मागून साऱ्या खोलीने एका सुरात म्हटलं, “न-न-न-नाही!”

दारापाशी औषधांची गाडी घेऊन एक परिचारिका उभी होती, तीही डोळे पुसत होती. “आमच्या या आजींनी ना, वॉर्डात जीव आणलाय. दिवसभर ते एकच बटण. रोज नवा खेळ करतात. काल डॉक्टरांना सुद्धा तसंच म्हणायला लावलं. तुम्ही कोण त्यांच्या?”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. खिडकीजवळच्या पलंगावर धाकटी उशांना टेकून बसली होती. केस नीट विंचरलेले, गालावर मांस आलेलं. तिने जिवंत असलेली अर्धी हनुवटी पुढे काढली आणि एक डोळा बारीक केला.

“म-म-म—” थोरली म्हणाली. “मी ति-तिची ब-ब-ब—”

“अगं बाई,” कोपऱ्यातली एक बोळकी आजी टाळी वाजवून ओरडली, “हीच ती!”

धाकटीने हात वर करून खोलीला थांबायची खूण केली. मग जाळीतल्या एका भोकात सावकाश बोट घातलं आणि बहिणीचं वाक्य पुरं केलं.

“ही माझी थोरली बहीण,” यंत्र म्हणालं, न अडखळता, लाडाने.